'लग्न' याच शब्दाचा हट्ट कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क देणाऱ्या, आयर्लंडमधल्या 2015 च्या सार्वमतावर मी लिहिलं, त्यावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. अशा जोडप्यांना तिथे 2011 पासून आपल्या नात्याची कायदेशीर नोंदणी करायची सोय होतीच, मग 'लग्न' याच शब्दाचा हट्ट कशाला, हा पहिला. आणि लिओ वरदकर हे नाव आलं की आपण मराठी माणसं भारावून जातो, हा दुसरा.

दुसरा मान्य. मालवणजवळच्या वराडशी नातं सांगणारा माणूस तिथे पंतप्रधान झाला याचं मला कौतुक आहेच, पण त्या भरात डेव्हिड नॉरिस यांचं नाव राहून गेलं, ही चूक माझी. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कायद्याविरुद्ध ते मायदेशी हरले, 1988 मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात जिंकले, आणि तरी कायदा बदलायला 1993 उजाडलं. आपण समलिंगी आहोत हे वरदकर उघडपणे बोलले ते जानेवारी 2015 मध्ये. तोवर वाट इतरांनी पाडली होती.

पहिला आक्षेप मात्र मला मुळीच पटत नाही. आयरिश राज्यघटनेचं कलम 41 कुटुंबाला संरक्षण देतं, पण ते विवाहावर उभ्या असलेल्या कुटुंबाला. नोंदणी केलेलं जोडपं घटनेच्या लेखी कुटुंबच नव्हतं. त्यांना जे मिळालं होतं ते एका साध्या कायद्यानं. पुढच्या एखाद्या संसदेनं तो रद्द केला असता तर कलम 41 त्यांच्या मदतीला आलं नसतं. आता घटनेतच लिहिलंय की कोणत्याही दोन व्यक्तींना, स्त्री-पुरुष असा भेद न करता, कायद्यानुसार विवाह करता येईल. लोकांना पुन्हा विचारल्याशिवाय ते कुणाला पुसता येणार नाही.

आणि हे डब्लिनच्या शहरी मंडळींनी खेड्यांवर लादलं, असं तुम्ही जाता जाता म्हटलंत. 62 टक्के मतं बाजूनं पडली, 43 पैकी एकच मतदारसंघ विरोधात गेला. परदेशी गेलेल्यांना टपालानं मत देता येत नाही, म्हणून कितीतरी तरुण मुलं विमानानं, बोटीनं घरी आली.

कॅथरीन झॅपोन आणि ॲन लुईझ गिलिगन यांनी 2003 मध्ये कॅनडात लग्न केलं होतं. करासाठी विवाहित जोडपं म्हणून धरा, एवढं मागायला त्या आयर्लंडच्या उच्च न्यायालयात गेल्या आणि 2006 मध्ये हरल्या. सार्वमताची मतमोजणी झाली त्या दिवशी, टीव्हीवर थेट प्रक्षेपण चालू असताना, झॅपोनबाईंनी गिलिगनबाईंना पुन्हा लग्नाची मागणी घातली. बारा वर्षांपूर्वी जिच्याशी लग्न केलं, त्याच आपल्या बायकोला.