‘भारताचं जंगल वाढतंय’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

रस्ता, खाण किंवा बंदरासाठी झाडं तोडायला कुठं विरोध झाला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: देशाच्या २५.१७ टक्के भूभागावर जंगल आहे आणि ते दर अहवालात वाढतंय. भारत हिरवा होतोय हे नासानेही मान्य केलंय. जेवढी झाडं तुटतात त्याच्या कितीतरी पट लावली जातात. वाघ दुपटीहून जास्त झाले. तेव्हा पर्यावरणवाद्यांची ओरड खोटी.

यातला एकही आकडा बनावट नाही, म्हणून तर लोकांना तो पटतो. घोटाळा आहे तो आकड्यांतून काढलेल्या अर्थात.

आधी तो २५.१७ टक्क्यांचा आकडा बघू. तो देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा आहे. ही संस्था १९८७ पासून साधारण दर दोन वर्षांनी देशाच्या वनस्थितीचा अहवाल काढते. २०२३ चा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वनाच्छादन २१.७६ टक्के आहे आणि वृक्षाच्छादन ३.४१ टक्के. या दोन्हींची बेरीज म्हणजे २५.१७. वृक्षाच्छादनात बांधावरची, रस्त्याकडेची, परसातली झाडं आणि एक हेक्टरपेक्षा लहान झाडोरे येतात. ती झाडं मोलाची आहेतच, पण त्यांना जंगल कुणी म्हणणार नाही. आधीच्या, म्हणजे २०२१ च्या अहवालाच्या तुलनेत एकूण वाढ १,४४५ चौरस किलोमीटर दाखवली आहे. त्यातले १,२८९ चौरस किलोमीटर या सुट्या झाडांचे. वनाच्छादनाची वाढ उरते फक्त १५६ चौरस किलोमीटर. देशाचं एकूण वनाच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर आहे. त्याच्या तुलनेत ही वाढ ०.०२ टक्के भरते.

आता हे वनाच्छादन मोजतात कसं? एक हेक्टर किंवा त्याहून मोठी जमीन, तिच्यावर झाडांच्या छत्रीची सावली किमान १० टक्के, की झालं वनाच्छादन. जमीन कुणाची, झाड कुठलं, ते आपोआप उगवलं की कुणी लावलं, यातलं काहीच विचारात घेतलं जात नाही. आंब्याची बाग, काजूची बाग, रबराचा मळा, निलगिरीची लागवड, बांबू, माड, सगळं यात बसतं. संस्था हे लपवतही नाही. फळबागा, बांबू आणि ताडवर्गीय झाडं धरली आहेत असं अहवालातच छापलेलं असतं. टक्केवारीत देशात पहिला नंबर कुणाचा आहे माहीत आहे? लक्षद्वीपचा, ९१.३३ टक्के. मिझोराम आणि अंदमान-निकोबार त्याच्या मागे आहेत. लक्षद्वीपमध्ये वनखात्याच्या नोंदीतलं जंगल नाही. तिथं आहेत ते माड.

म्हणून मी म्हणतो, या आकड्यावरून देशावर झाडांची सावली किती ते कळतं, जंगलाची तब्येत कळत नाही. आणि ही तब्येत कशी ढासळते ते बघायला आपल्याला लांब जायला नको, रत्नागिरी जिल्हा पुरे.

उपग्रहाच्या नोंदीत या जिल्ह्याचा निम्म्याच्या आसपास भाग वनाच्छादित दिसतो. वनखात्याच्या ताब्यातली जमीन मात्र इथं नगण्य आहे. बहुतेक रान मालकीचं, सातबाऱ्यावर चार-चार पिढ्यांची नावं असलेलं. अशा रानाचा सौदा होतो. ठेकेदार येतो, कटर चालतो, ऐन, किंजळ, जांभूळ, जे असेल ते जमिनीलगत साफ होतं आणि लाकूड ट्रकनं घाट चढून जातं. बुंध्यांना पुन्हा धुमारे फुटतात, काही वर्षांत डोंगर लांबून हिरवा दिसायला लागतो आणि जरा जाडी भरली की पुन्हा तोड होते. नाहीतर जेसीबी फिरवून तिथं काजूची कलमं लावतात. चार-पाच वर्षांत कलमांनी १० टक्के सावली धरली की उपग्रहाच्या हिशेबात तिथलं वनाच्छादन जसंच्या तसं. अहवालात ना तोड दिसत, ना बदल.

मग गेलं काय? धनेशाची ढोली गेली. या पक्ष्याची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा, चिखल वापरून दार लिंपून घेते. फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. त्या फटीतून नर तिला आणि पुढं पिल्लांनाही महिनोन्‌महिने भरवत राहतो. वडाची, उंबराची फळं तो घशात साठवून आणतो आणि एकेक करून देतो. ढोली चांगली असली तर वर्षानुवर्षं तीच वापरात राहते. एवढा मोठा पक्षी मावेल अशी ढोली दहा वर्षांच्या धुमाऱ्यात कधी होत नाही. तिला जुनं, पोटात पोकळ झालेलं झाड लागतं, आणि तसं झाड आज बऱ्याच ठिकाणी फक्त देवराईत उरलंय. तीही देवळाच्या जीर्णोद्धारात सुटेल याची खात्री नाही. धनेश गेला की ज्या झाडांच्या बिया तो लांबवर नेऊन टाकायचा, त्यांची रुजवणही आटते. वरून बघणाऱ्याला यातलं काय कळणार?

यात मी मालकांना दोष देत नाही. मुलीचं लग्न, दवाखान्याचा खर्च, घराचं छप्पर यांसाठी रान विकलं जातं, कारण उभ्या रानाचे पैसे कुणी देत नाही. दोष आहे तो हा सगळा बदल ‘स्थिर वनाच्छादन’ म्हणून वाचणाऱ्यांचा.

‘सगळीकडे वाढच’ हेही खरं नाही. त्याच अहवालात ईशान्येकडच्या राज्यांत मिळून ३२७.३० चौरस किलोमीटर वनाच्छादन घटल्याचं लिहिलंय. खारफुटी ७.४३ चौरस किलोमीटरनं घटली. पश्चिम घाटाच्या पर्यावरणसंवेदनशील क्षेत्रात दहा वर्षांत ५८.२२ चौरस किलोमीटर घट आहे. कुणी म्हणेल, तिथं अतिदाट जंगल तर वाढलंय. हो, नोंदीत वाढलंय. पण अतिदाट म्हणजे ७० टक्क्यांहून अधिक सावली, एवढंच. छत्र्या एकमेकींना भिडलेला रबराचा मळाही त्यात बसू शकतो. अरुणाचल किंवा नागालँडमध्ये गेलेल्या सदाहरित रानाची भरपाई दुसऱ्या राज्यातल्या शेतबांधावर होत नाही. देशाच्या एकूण बेरजेत मात्र ती झाल्यासारखी दिसते.

नासाचा मुद्दा लवकर संपण्यासारखा आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘नेचर सस्टेनेबिलिटी’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २००० ते २०१७ या काळातल्या नासाच्या उपग्रहांच्या नोंदींवरून जगातला पर्णविस्तार वाढल्याचं त्यात दाखवलं होतं, आणि त्या वाढीतला सुमारे एक तृतीयांश वाटा चीन आणि भारताचा होता. फॉरवर्ड इथंच थांबतो. त्याच अभ्यासात पुढं लिहिलंय की भारतातली ८२ टक्के हिरवाई शेतातली आहे आणि जंगलाचा वाटा ४.४ टक्के. एका पिकाच्या जागी दोन-तीन पिकं, विहिरी-बोअरचं पाणी, खतं, ही त्यामागची कारणं. उन्हाळ्यात हिरवागार दिसणारा ऊस उपग्रहाला पानंच वाटणार, आणि आहेतही ती पानंच. शिवाय या हिरवाईनं ब्राझील, इंडोनेशियासारख्या देशांत नष्ट झालेल्या नैसर्गिक वनांची भरपाई होत नाही, असं संशोधकांनी स्वतःच बजावलं होतं.

‘तोडतात त्याच्या कितीतरी पट लावतात’ हा दावा मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण त्यानं मन शांत होतं. भरपाई वनीकरणाची तरतूद कायद्यात आहे आणि तिच्या निधीसाठी २०१६ चा स्वतंत्र कायदाही आहे. ती प्रत्यक्षात कशी चालते ते ग्रेट निकोबारमध्ये बघा. बंदर, विमानतळ, वीजकेंद्र आणि नवं शहर यांसाठी तिथलं १३०.७५ चौरस किलोमीटर जंगल वळवायला मंजुरी मिळाली आहे. हे विषुववृत्ताजवळचं सदाहरित रान आहे. निकोबारी मेगापोड हा पक्षी पालापाचोळ्याचा ढीग रचून त्याच्या उबेवर अंडी उबवतो, तो इथला. गॅलेथिया उपसागराच्या किनाऱ्यावर लेदरबॅक ही जगातली सर्वांत मोठी समुद्री कासवं अंडी घालायला येतात. शोंपेन आणि निकोबारी लोकांचं हे घर. आणि भरपाईची झाडं लावायची ठरली हरियाणात, तीन हजार किलोमीटरच्या आसपास लांब आणि कोरड्या हवेत! त्या झाडांचा हरियाणाला उपयोग होईल, होवो. मेगापोडला त्याचा काय उपयोग?

या दाव्यात अजून एक गोम आहे. भरपाईला जमीन लागते, आणि ती ‘रिकामी’ म्हणून शोधली जाते. आपल्याकडे रिकामी म्हणजे माळ. सरकारी नोंदींत माळरानं वर्षानुवर्षं पडीक, ओसाड या खात्यात पडली आहेत. सोलापूरच्या नान्नजचा माळ जवळून बघा. पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवतं, त्यांत काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल. धनगरांची मेंढरं पिढ्यान्‌पिढ्या याच गवतावर जगली. माळढोकासाठी इथं १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. हा पक्षी उघड्या जमिनीवर बहुतेक वेळा एकच अंडं घालतो आणि लांबवर नजर पोचेल अशी मोकळी जागा त्याला जगायला लागते. अशा माळावर खड्डे खणून रोपांच्या रांगा लावल्या तर ती माळाची मोडतोड झाली, पण आकडेवारीत ते वनीकरण म्हणून नोंदलं जातं. आज देशात माळढोक दीडशेही उरले नसावेत आणि त्यातले बहुतेक राजस्थानात आहेत.

कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या सड्यांचीही हीच गत. जांभ्याच्या कातळावर बोटभर माती, पण पावसाळ्यात तिथं दवबिंदू, सीतेची आसवं यांसारख्या कीटकभक्षी वनस्पती उगवतात, आणि काही फुलं तर या सड्यांखेरीज जगात कुठंच नाहीत. कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं. वनाच्छादनाच्या नकाशावर मात्र सड्याची किंमत शून्य आहे. रोपं लावून तो नष्ट केला तर किंमत वाढते. पुण्याच्या टेकड्यांवर लावलेली ग्लिरिसिडिया बघा. वाढली भराभर, हिरवीही दिसते, पण तिच्याखाली टेकडीचं मूळचं गवत आणि झुडपं फारशी परतली नाहीत.

राहिला वाघ. इथं फॉरवर्डचं म्हणणं बरोबर आहे आणि ते मोकळेपणानं मान्य करायला हवं. २००६ मध्ये देशातल्या वाघांचा अंदाज १,४११ होता, २०२२ मध्ये तो ३,६८२ वर गेला. महाराष्ट्रात २०१४ साली १९० होते, २०२२ साली ४४४. मोजणीची पद्धत सुधारली, हा त्याचा एक भाग झाला, पण वाढ खरी आहे. वनरक्षकांनी, गाव सोडून गेलेल्यांनी आणि जंगलाकाठी जीव मुठीत धरून राहणाऱ्यांनी तिची किंमत मोजली आहे. पण व्याघ्र प्रकल्प देशाच्या अडीच टक्क्यांच्या आसपास जमिनीवर आहेत. तिथं वाघ वाढला यावरून तिथल्या राखणीबद्दल कळतं. रत्नागिरीच्या धनेशाबद्दल, नान्नजच्या माळाबद्दल किंवा निकोबारच्या कासवाबद्दल त्यातून काहीच कळत नाही. उलट वाढलेल्या वाघांना बाहेर पडायला वाट हवी. ताडोबातला तरुण वाघ ब्रह्मपुरीकडे निघतो तो शेतं, रस्ते, कालवे ओलांडत. चंद्रपूर जिल्ह्यात तेंदूपानाच्या आणि मोहाच्या हंगामात माणसं मरतात, त्यामागं ही कोंडीही आहे. हे तुकडे जोडणारं साधंसुधं, विरळ रान कुठल्याही अभयारण्यात नसतं आणि रस्त्यासाठी सगळ्यांत आधी तेच जातं.

आणि ‘ओरड खोटी’? नागपूरहून जबलपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून जातो. चौपदरीकरण ठरलं तेव्हा लोकांनी हरकती घेतल्या, प्रकरण न्यायालयात गेलं, काम वर्षानुवर्षं रखडलं, आणि विकासाला आडवे येता म्हणून तेव्हाही शिव्या पडल्या. अखेर महाराष्ट्राच्या बाजूला प्राण्यांसाठी नऊ पूल आणि भुयारी वाटा बांधल्या गेल्या, त्यातली एक ७५० मीटर लांबीची. आज कॅमेऱ्यांत त्या पुलांखालून वाघ, रानकुत्रे, चितळ, रानडुकरं ये-जा करताना दिसतात. ओरड झाली नसती तर रस्ता सरळ जंगलातून गेला असता, आणि त्यानंतरही २५.१७ टक्क्यांत तसूभर फरक पडला नसता.

फॉरवर्डमध्ये ज्याचा उल्लेखच नसतो अशी एक गोष्ट सांगायलाच हवी. जंगल मोजताना व्याख्या ऐसपैस आहे. राखताना मात्र ती आखडती घेतली जाते. १९९६ च्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की मालकी कुणाचीही असो, जमीन प्रत्यक्षात जंगल असेल तर वनसंरक्षण कायदा तिला लागू होतो. २०२३ च्या दुरुस्तीनं ते संरक्षण मुख्यतः अधिसूचित आणि सरकारी दप्तरात नोंदलेल्या वनांपुरतं आणलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयानं अंतरिम आदेश देऊन तूर्त जुनाच अर्थ कायम ठेवला आहे. म्हणजे अभिमानानं सांगायच्या टक्केवारीत खासगी काजूची बाग धरायची, आणि तिच्या शेजारचं खरंखुरं खासगी रान तोडायची वेळ आली की ते दप्तरात नाही म्हणायचं. हे दोन्ही एकाच वेळी चालणार नाही.

राखणं जमतं, हेही इथंच दिसतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. ग्रामसभा बांबू विकते, पैसा गावात राहतो आणि जंगल उभं आहे. संगमेश्वर तालुक्यात काही मालकांनी मोबदला घेऊन आपलं रान न तोडण्याचे करार केले आहेत. कोकणात सगळीकडे हे करायचं तर पैसा लागेल, आणि भरपाई वनीकरणाच्या निधीतला थोडा वाटा उभं रान राखायला वळवता येईल का, यावर विधानसभेत चर्चा व्हायला हवी.

तोवर निदान अहवाल नीट छापला जावा. प्रत्येक जिल्ह्यापुढं नैसर्गिक जंगल किती, लावलेलं किती आणि बागा-मळे किती, असे तीन वेगळे रकाने द्या. गवताळ माळ आणि सडे यांचा चौथा रकाना द्या. आपापल्या आमदार-खासदारांकडे ही मागणी लेखी करा.