'एसीत बसून पीएफचे सल्ले': मडगावच्या वाचकांस उत्तर

नोकरी बदलली की जुना पीएफ काढू नका, नव्या कंपनीत ट्रान्सफर करा, असे मी मागच्या लेखात लिहिले होते. त्यावर मडगावच्या एका वाचकाची प्रतिक्रिया: "एसीत बसून सल्ले देणे सोपे. ऑफिसच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या की कळते. पीएफसोबतची पेन्शन मिळून मिळून हजार रुपये मिळणार. त्यापेक्षा सगळे काढून एफडी करावी, माझ्या मेव्हण्याने तेच केले." खाली नाव नाही. असो.

एसी? अहो, मी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळ्या केल्या आहेत आणि तिथून कुंडईच्या कंपनीत गेलो. वडिलांचे आडनाव जुन्या दाखल्यावर पोर्तुगीज वळणाच्या स्पेलिंगचे, आधारवर दुसरे, आणि कंपनीच्या कारकुनाने पीएफला तिसरेच कळवलेले. त्यात जुन्या कंपनीने माझी नोकरी सोडल्याची तारीखच भरली नव्हती. तेव्हा ती फक्त कंपनीच भरू शकत असे, आणि तिथला माणूस दरवेळी "फाल्यां या", म्हणजे उद्या या, म्हणायचा. आता पीएफच्या शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिने गेले की ती तारीख पीएफच्या पोर्टलवर आपली आपल्याला भरता येते. यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी न बदलणारा पीएफचा नंबर, आधारला नीट जोडलेला असेल, तर २०२५ पासून बहुतेक ट्रान्सफरना कंपनीची मान्यताही लागत नाही.

तेव्हा पायऱ्यांचे मला सांगू नये. चूक दाखवा, जरूर दाखवा. पण समोरचा माणूस कुठून आला हे ठाऊक नसताना त्याला एसीत कोंडून टाकायचे, ही कुठली रीत? समोर बसून बोलताना तुम्ही असे बोलला असता का?

राहिले हजार रुपये. ती २०१४ मध्ये ठरलेली किमान पेन्शन आहे, सगळ्यांची नव्हे. हिशेब असा: पेन्शनसाठी धरलेला पगार, कमाल १५,००० रुपये, त्याला नोकरीच्या वर्षांनी गुणायचे आणि ७० ने भागायचे. कमाल पगार धरला तर वीस वर्षांचे महिना निदान ४,२८५ होतात. श्रीमंती नाही, पण हजारही नाही. पेन्शनची खरी अट एकूण दहा वर्षे नोकरीची आहे. जुन्या ठिकाणी सहा आणि नव्या ठिकाणी पाच वर्षे झाली असतील, तर जोडून अकरा होतात आणि ५८ व्या वर्षापासून पेन्शन लागते. सहा वर्षांचे पैसे उचलले की हातात पाचच उरतात. ट्रान्सफर झाल्यावर नव्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसते, ते बघून लोक घाबरतात. पेन्शनची रक्कम तिथे येत नसते, फक्त वर्षे जोडली जातात.

एफडीबद्दल थोडक्यात. एकूण पाच वर्षांच्या आत पीएफ काढला तर सहसा कर लागतो, आणि ट्रान्सफर केल्यास जुन्या नोकरीची वर्षेही त्यात धरतात. पीएफचे २०२४-२५ चे व्याज ८.२५ टक्के होते. तुमच्या बँकेचे तुम्हीच बघा. शिवाय गणेश चवथीच्या तोंडावर हातात पडलेला पैसा एफडीपर्यंत पोचतो का, हे वेगळे सांगायला नको.

मेव्हण्याने नुसता पीएफ काढला असेल आणि पेन्शनचा १०-सी फॉर्म अजून भरला नसेल, तर पैसे घेण्याऐवजी त्यात स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे नोकरीच्या वर्षांचा दाखला, मागता येते आणि वर्षे शाबूत राहतात. एवढे त्यांना सांगा. मी सांगितले म्हणून मात्र सांगू नका, तुमच्यासारखेच असतील तर ऐकायचे नाहीत.