गोडाउनमध्ये बघून येतो

लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानात मी सेल्समन आहे, असा घरच्यांचा समज आहे. प्रत्यक्षात मी घड्या घालतो. मधेच एखादी साडी विकली जाते, तो अपघात.

साडी उलगडायला काही लागत नाही. मनगटाला हिसका दिला की पदर थेट काकूंच्या मांडीवर. मिटताना मात्र तिच्या मूळच्या घडीवरच मिटावी लागते, नाहीतर जरीवर भलतीकडेच मोड पडते आणि मालक साडीकडे न बघता माझ्याकडे बघतात.

लग्नसराईत गिऱ्हाईक कधी एकटं येत नाही. नवरी, आई, मावशी, आत्या आणि "मला बाई यातलं काही कळत नाही" म्हणत सगळ्यात जास्त साड्या नापास करणारी एक काकू. सोबत एक गृहस्थ असतात. ते दाराजवळच्या स्टुलावर बसतात आणि थेट बिलाच्या वेळी उठवले जातात. त्यांच्याबद्दल आम्हाला फार आपुलकी.

बजेट विचारायचं नसतं. विचारलं तर "तुम्ही दाखवा हो, मनात भरली पाहिजे." म्हणून येवल्याची हातमागाची पैठणी काढावी, तर किंमत ऐकून ती मनातून लगेच उतरते. "जरा हलक्यातली दाखवा." हलक्यातली दाखवली की, "ही हातमागाचीच ना?"

इथे माझा प्रामाणिकपणा आडवा येतो. "नाही ताई. पदर उलटा करून बघा. हातमागाच्या पैठणीचा मोर मागूनही मोरच दिसतो. इथे मागे नुसते धागे आहेत." गल्ल्यावरून मालक खाकरतात. ताई म्हणतात, "पण पलीकडच्या दुकानात तर हातमागाचीच म्हणून पाच हजाराला देत होते!" यावर काय बोलणार? मी घडी घालतो.

मग खरी परीक्षा. काठ या साडीचा, पदर त्या साडीचा आणि अंग दारातल्या पुतळीच्या साडीचं. पुतळीच्याच साडीचा दुसरा नग कपाटात असला तरी चालत नाही, तीच हवी. भर रस्त्याकडे तोंड करून तिच्या टाचण्या काढताना मला आजही ओशाळं होतं. त्यात तिचा डावा हात खांद्यातून सैल आहे. तो माझ्या हातात आला की मावशी हमखास म्हणतात, "राहू दे, अपशकुन झाला."

पूर्वी निदान गादी होती. पांढरी चादर, लोड, मांडी घालून बसावं, समोर साड्यांचा डोंगर होऊ द्यावा. धाकट्या मालकांनी दुकान नवं केलं. काचेचं काउंटर आलं, एसी आला आणि आम्ही उभे राहिलो. नोकर उभा असला की गिऱ्हाइकाला मान दिल्यासारखं वाटतं म्हणे. केरळात कापडदुकानांतल्या बायकांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला आणि २०१८ मध्ये कायदा बदलून घेतला. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही दुकानातल्या नोकरांना बसायची सोय देणं बंधनकारक केलं. ही बातमी मी धाकट्या मालकांना मोबाईलवर दाखवली. शांतपणे वाचून म्हणाले, "मग? आपणही सगळ्यांना बसा म्हणतोच की. पाणी पण विचारतो."

त्यांनी एक ट्रेनिंगही ठेवलं होतं. सर टाय लावून आले होते. सार एवढंच, की ग्राहकाला 'नाही' म्हणायचं नाही. हसत राहायचं आणि 'बघून सांगतो' म्हणायचं. सरांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

परवा एक काकू म्हणाल्या, "यातच मोरपंखी दाखवा. पण मोरपंखी वाटायला नको."

"गोडाउनमध्ये बघून येतो," मी हसत म्हणालो. गोडाउनमध्ये मोरपंखी नाही, पण आहेराच्या साड्यांचा एक गठ्ठा आहे. बरोबर खुर्चीच्या उंचीचा.

जाऊन बघतो तर त्यावर आमचे कदम आधीच बसलेले. ते अर्ध्या तासापासून आमसुली शोधत होते.