सीटी स्कॅन म्हणजे ४०० एक्स-रे? उरलेला हिशेबही वाचा

सीटी लिहून दिला की नातेवाईक मोबाइल पुढे करतात. त्यातला मजकूर ठरलेला: एक सीटी म्हणजे ३०० ते ४०० एक्स-रे, त्यातून कॅन्सर होतो, एमआरआयही तसलाच, आणि शिशाचा एप्रन दिला नाही तर तपासणी करूच नका. हे वाचून गरजेचा सीटी टाळणारे पेशंट आम्हा रेडिओग्राफरांना नेहमी भेटतात, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी तो आकडा. मे २०२१ मध्ये दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया तो बोलले आणि घरोघरी पोचला. कोविडची सौम्य लक्षणं असणारेही तेव्हा सीटीसाठी रांगा लावत होते; त्यांना थांबवण्याचा हेतू रास्तच होता. पण रेडिओलॉजिस्टांच्या देशव्यापी संघटनेने लगेच हरकत घेतली: आधुनिक मशीनवर अतिकमी डोसचा सीटी पाच-दहा एक्स-रेंइतकाच असतो. मग खरं कोणाचं? छातीच्या एका एक्स-रेचा डोस साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या रेडिएशनचं माप) आणि नेहमीच्या पद्धतीने केलेल्या छातीच्या सीटीचा सुमारे ७. भागाकार केला की ३५० येतात. तोच सीटी कमी डोसवर केला तर दीडच्या आसपास, म्हणजे ७५. शिवाय कमरेच्या मणक्याचा साधा एक्स-रेही दीड मिलिसिव्हर्टच्या घरात जातो, तो काढताना कोणी घाबरत नाही. निसर्गातून प्रत्येकाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. आकडा खोटा नाही, पण तो प्रत्येक सीटीला लागू नाही. तो किती येणार हे मशीनवर बसलेला माणूस कोणता प्रोटोकॉल, म्हणजे स्कॅनची कोणती ठरलेली सेटिंग लावतो यावर ठरतं.

कॅन्सरचा धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. युरोपातल्या सुमारे दहा लाख मुलांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सीटी झालेल्या १०,००० मुलांमागे पुढच्या बारा वर्षांत एका-दोघांना रेडिएशनमुळे रक्ताचा कॅन्सर होईल, असा त्याचा अंदाज आहे. म्हणून लहान मुलाला सोनोग्राफीने भागत असेल तर सीटी करू नये. पण डोक्याला मार लागून मूल उलट्या करतंय, गुंगीत जातंय आणि डॉक्टरांना आत रक्तस्रावाची शंका आहे, तेव्हा हा आकडा पुढे करून सीटी लांबवणं घातक आहे.

एमआरआय चुंबकावर चालतो, सोनोग्राफी ध्वनिलहरींवर. दोन्हींत एक्स-रे नसतात.

एप्रनचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे आमची जुनी सवयही आडवी येते. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये पेशंटच्या जननेंद्रियांवर शिसं ठेवण्याची सरसकट पद्धत बंद करायला सांगितलं. शरीराच्या आतच विखुरणारे किरण बाहेरचं शिसं अडवू शकत नाही. उलट ते चित्रात आलं तर फिल्म पुन्हा काढावी लागते, किंवा ऑटोमॅटिक मशीन डोस वाढवतं. मुलाला धरायला आत थांबलेल्या आईला एप्रन द्यायलाच हवा, पण पेशंटला तो न देणं म्हणजे हलगर्जीपणा नव्हे.

हलगर्जीपणा वेगळाच असतो. अमेरिकेतल्या सीडर्स-सायनाय रुग्णालयात मेंदूच्या सीटीची सेटिंग बदलली गेली आणि दीड वर्षभर २०६ पेशंटना नेहमीच्या सुमारे आठपट डोस गेला. २००९ मध्ये एका पेशंटचे केस गळाले तेव्हा ते उघडकीला आलं. सीटीच्या पडद्यावर डोसचा आकडा येतो. तो दर वेळी वाचणं हे आमचं काम आहे, पेशंटचं नाही.

आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाने आम्हा कर्मचाऱ्यांसाठी वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टची मर्यादा घातली आहे. आम्हाला मिळालेला डोस छातीवर लावलेल्या टीएलडी बॅजवर, म्हणजे रेडिएशन मोजणाऱ्या बिल्ल्यावर मोजला जातो. पेशंटसाठी अशी मर्यादा नसते, कारण कोणाला किती गरज पडेल हे आधी ठरवता येत नाही. म्हणूनच सीटी लिहिणारे डॉक्टर, रेडिओलॉजिस्ट आणि टेक्निशियन यांच्यावर जबाबदारी जास्त येते. एका फेजमध्ये (एकाच भागाच्या एका फेरीत) भागत असताना सवयीने तीन फेज घेणं, लहान मुलाला मोठ्यांचाच प्रोटोकॉल लावणं, महिन्याभरापूर्वीचा स्कॅन न बघता नवा लिहून देणं, यांनी डोस वाढतो. त्या मेसेजमध्ये यातलं एकही नाही.

तेव्हा सीटीला येताना जुन्या फिल्म आणि रिपोर्ट सोबत आणा. गरोदर असाल किंवा तशी शंका असेल तर आत जाण्याआधी सांगा. हा सीटी कशासाठी आहे, सोनोग्राफीने किंवा एमआरआयने काम होईल का, आणि सेंटरकडे मंडळाचा परवाना आहे का, हे बिनधास्त विचारा. उत्तर द्यायला आम्ही बांधील आहोत.