पैसा असला की परदेशात धंदा चालतोच? नाही हो

आपल्या ऐरोलीच्या ग्रुपवर फिरतंय की मोठी कंपनी कुठल्याही देशात पैशाच्या जोरावर जिंकतेच. हे खरं नाही. अमेरिकेच्या वॉलमार्ट या दुकानांच्या साखळीकडे काय पैसा कमी होता का, तरी १९९७ ला जर्मनीत गेली आणि २००६ ला दुकानं मेट्रो या जर्मन कंपनीला विकून बाहेर पडली, कारण तिथे आल्डी, लिडल ही तिथलीच दुकानं आधीच स्वस्तात विकत होते, आणि दारात हसून स्वागत वगैरे अमेरिकन पद्धत लोकांना रुचलीच नाही. टार्गेट ही अमेरिकेचीच दुकानांची साखळी कॅनडात २०१३ ला गेली, २०१५ ला बंद, माल वेळेवर शेल्फवर पोचेना. उलट मॅकडोनाल्ड्स १९९६ ला भारतात आलं ते बीफ न ठेवता, नंतर आलू टिक्की आणली, म्हणून टिकलं. भांडवल लागतंच, पण गिऱ्हाईक, सप्लाय आणि तिथली स्पर्धा आधी समजून घ्यावी लागते. महापे-रबाळेतून एक्स्पोर्ट सुरू करणाऱ्या पोरांनो, प्लीज त्या मेसेजवर जाऊ नका.