तरंगणारी बोट मिळेल का?

मिशिगन सरोवराच्या तळाशी शेकडो जहाजे पडून आहेत आणि त्यांपैकी एकालाही तिथे पोहोचण्यासाठी आगाऊ नोंदणी करावी लागली नव्हती. मला मात्र त्यांतले एक, निव्वळ पाहून परत येण्यासाठी, दोन उन्हाळे खटपट करावी लागली. आणि त्या अनुभवावरून सांगतो की या सरोवरात बुडालेले जहाज सापडणे सोपे आहे, न बुडालेली बोट मिळणे कठीण.

पाण्याखाली श्वास घ्यायला मी तारकर्लीला शिकलो. तिथले पाणी कोमट, मासे रंगीबेरंगी आणि बोटवाल्या काकांची अट एकच, की पोटभर जेवून येऊ नका. नोकरीनिमित्त या सरोवराच्या काठी, शिकागोला, आल्यावर कळले की लाकूड पोखरणारा समुद्री किडा गोड्या पाण्यात जगत नाही, शिवाय तळाशी पाणी बर्फासारखे गार, त्यामुळे एकोणिसाव्या शतकातली शिडाची जहाजे इथे डोलकाठीसकट टिकून राहतात. तारकर्लीत शिकलेल्या माणसाला एवढी चिथावणी पुरेशी होते. सुरुवातीला मी मिलवॉकीजवळचे ‘प्रिन्स विलेम पाचवा’ हे पोलादी डच मालवाहू जहाज निवडले. ऑक्टोबर 1954 मध्ये ते एका टगने (ओढबोटीने) ओढत नेलेल्या बार्जला, म्हणजे सपाट मालवाहू तराफ्याला, धडकून बुडाले, खलाशी सगळे वाचले, आणि आता ते ऐंशी-नव्वद फुटांवर उजव्या कुशीवर निवांत पहुडलेले आहे. इथले पाणबुडे त्याला लाडाने ‘विली’ म्हणतात.

मग फोनाफोनी सुरू झाली. पाणबुड्यांना भाड्याने नेणाऱ्या बोटींपैकी पहिल्या बोटीच्या कॅप्टनकडचे सगळे शनिवार-रविवार सप्टेंबरपर्यंत क्लबांनी अडवलेले होते, कारण अशा छोट्या बोटींच्या परवान्यावर सहाच प्रवासी नेता येतात. दुसऱ्याने माझी अशी काही चौकशी आरंभली की मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमाला येऊन बसल्यासारखे वाटावे: पाणबुडीच्या प्रशिक्षणाचे कार्ड कोणते, आतापर्यंत डाइव्ह किती, शेवटचा कधी, सर्वांत खोल कुठे, गार पाण्याचा अनुभव काय. पत्रिका तेवढी मागितली नाही. तारकर्लीचे नाव सांगितल्यावर पलीकडे जी शांतता पसरली, ती मी अजून विसरलेलो नाही. शेवटी त्याने विचारले, जोडीदार आहे का? पाणबुड्यांच्या भाषेत याला ‘बडी’ म्हणतात आणि तो स्वतःचा स्वतः आणावा लागतो. मी आशेने बायकोकडे पाहिले. “माझा विमा तुझ्या नावावर आहे आणि तुझा माझ्या,” ती शांतपणे म्हणाली, “एकाने तरी वर राहायला हवं.”

बडी अखेर ऑफिसातला एक तेलुगू सहकारी निघाला. राहिला ड्रायसूट. हा अंगरखा आत पाणी येऊ देत नाही, हे खरे. पण त्यासाठी गळ्याशी जी रबरी पट्टी असते, ती आत हवाही जाऊ देत नाही. ती डोक्यावरून ओढून घेताना आरशात पाहिले, तर माझ्या चेहऱ्याचा रंग भरताच्या वांग्याशी मिळताजुळता होता. शिवाय आत जाडजूड लोकरी कपडे, त्यांत अडकलेल्या हवेमुळे तरंगू नये म्हणून कमरेला शिशाची वजने, आणि एवढा साज चढवून झाल्यावरच हमखास लागणारी लघवीची घाई.

एवढी सिद्धता करून आम्ही पहाटे साडेतीनला उठून मिलवॉकीकडे निघालो, की वाटेत कॅप्टनचा निरोप येई: ईशान्येचा वारा आहे, लाटा चार फुटी आहेत, आजचे रद्द. असे तीनदा झाले. कोकणात पावसाळ्याबाहेर चार फुटांच्या लाटेला कोणी लाट म्हणत नाही, असे मी चौथ्या वेळी त्याला ऐकवलेही. त्यावर तो चिडला नाही. याच बंदरातून 22 ऑक्टोबर 1929 रोजी ‘मिलवॉकी’ नावाची, रेल्वेचे डबे वाहून नेणारी भली मोठी फेरी वादळात बाहेर पडली होती, एवढेच त्याने सांगितले. तिच्या कॅप्टनला खलाशी ‘हेवी वेदर’ मॅके म्हणत, आणि ती फेरी आज सव्वाशे फुटांवर आहे. तिच्यावरचे कोणीही परत आले नाही. “तिलाही दाखवीन तुला,” तो म्हणाला, “पण हवा बरी असेल त्या दिवशी.” त्यानंतर मी लाटांच्या उंचीवर मत देणे बंद केले.

दुसऱ्या उन्हाळ्यात, ऑगस्टमधल्या एका मंगळवारी, खोटी रजा टाकून आम्ही एकदाचे उतरलो. दोराला धरून खाली जाताना पन्नासेक फुटांवर कोमट पाण्याचा थर सुरीने कापावा तसा संपला आणि मनगटावरच्या यंत्राने 6 अंश दाखवले. ओठ आधी दुखले, मग ते आपले आहेत हेच कळेनासे झाले. समोर विली होता: भिंतीसारखी उभी ठाकलेली बाजू, काळोखी दारे, आणि कठड्यापासून साखळीपर्यंत प्रत्येक इंचावर बोटाच्या पेराएवढे, क्वागा जातीचे शिंपले. खालचे पोलाद कोणत्या रंगाचे आहे, ते शेवटपर्यंत दिसले नाही. वीस मिनिटांनी बोटे वळेनात, तेव्हा वर आलो.

रात्री मालवणला आईला फोन केला. दोन वर्षे ही कथा ती हप्त्याहप्त्याने ऐकत आली होती.

“दिसलं का रे जहाज?”

“दिसलं. म्हणजे, वरून सगळे शिंपलेच आहेत गं त्याच्यावर.”

“तिसऱ्यांसारखे?”

“लहान आहेत. खात नाहीत ते.”

पलीकडे थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग तिने हळूच फोन बाबांकडे दिला.