खोट्या नावाने सुखात कसं राहावं

बारावी आटोपली आहे, सीईटीचा निकाल लागायचा आहे, आणि चार थरारकथा वाचून तुमचं ठरलं आहे: आपल्या मागे गुंड लागावेत, आपण रातोरात शहर सोडावं, केस रंगवावेत आणि परक्या गावात नव्या नावाने राहावं. बेत झकास आहे. फक्त काम नीट करा.

आधी नाव. अमेरिकेचं सरकार 1971 पासून धोक्यातल्या साक्षीदारांना नवी ओळख देतं. साक्षीदार आणि त्यांचे घरचे धरून 19,000 पेक्षा जास्त लोक त्यांनी असे लपवले आहेत. त्यांचा सल्ला असा, की पहिलं नाव जमल्यास तेच ठेवा, निदान आद्याक्षरं तरी ठेवा. कारण भाजीबाजारात मागून कुणी ‘ए संज्या!’ ओरडलं की संजयची मान वळतेच, खिशात कागद कुणाच्याही नावाचे असोत. तुम्ही मात्र असलं मुळमुळीत काही करू नका. ‘विक्रांत राजाध्यक्ष’ घ्या आणि कुणी हाक मारली की चार सेकंद कोरा चेहरा ठेवून उभे राहा.

नियम पाळणारा एकही माणूस आजवर मारला गेला नाही, असं ही योजना चालवणारे तिथले मार्शल, म्हणजे केंद्राचे पोलीस, सांगतात. नियम म्हणजे काय, तर जुन्या गावी जायचं नाही आणि जुन्या माणसांशी संबंध ठेवायचा नाही. हे कसं जमणार? दहीहंडीचा व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा नाही, तर मग जगायचं कशाला!

पैशांच्या बाबतीत गुरू करावा तो जॉन स्टोनहाउस यांना. हे ब्रिटनचे खासदार, माजी मंत्री. नोव्हेंबर 1974 मध्ये मायामीच्या किनाऱ्यावर कपडे ठेवून ते ‘बुडाले’ आणि थेट ऑस्ट्रेलियात उगवले. नावं दोन, दोन्ही मेलेल्या माणसांची. एका बँकेत एक नाव, दुसऱ्या बँकेत दुसरं, आणि रोख रक्कम इकडून तिकडे. मेलबर्नमधल्या एका बँक कर्मचाऱ्याला शंका आली. मुलांना सांभाळणाऱ्या आयाच्या खुनाचा संशय असलेला लॉर्ड ल्युकन नावाचा उमराव त्याच सुमारास पळाला होता. पोलिसांना वाटलं, हाच तो. 24 डिसेंबरला पकडल्यावर त्यांनी आधी साहेबांच्या पायावरचा व्रण तपासला. म्हणजे स्वतःची ओळख लपवण्यासाठी एवढा खटाटोप केला, आणि अटक झाली ती भलत्याच फरारी माणसाच्या वाट्याची! तुम्हीही दोन यूपीआय आयडी ठेवा. केवायसीवाले फार समजूतदार असतात.

फोटो? जरूर काढा. इंग्लंडचा जॉन डार्विन 2002 मध्ये समुद्रात होडीसकट बेपत्ता झाला, बायकोने विम्याचे पैसे घेतले आणि हा पठ्ठ्या काही काळ तिच्या शेजारच्याच घरात राहिला. पुढे पनामात दोघांनी घरं विकणाऱ्या एजंटसोबत हसत फोटो काढला आणि तो एजंटच्या वेबसाइटवर गेला. 2007 मध्ये डार्विन ‘मला काही आठवत नाही’ म्हणत लंडनच्या पोलीस ठाण्यात हजर झाला. मग कुणीतरी गुगलवर दोघांची पहिली नावं आणि पनामा एवढंच टाकलं, आणि पुढचं पोलिसांना आठवून द्यावं लागलं नाही.

आपल्याकडे तर या विषयाची परंपराच आहे. विराटाच्या घरी धर्मराजाने कोणतं काम धरलं? राजाशी फासे खेळण्याचं! ज्या खेळात राज्य, भाऊ आणि बायको घालवली, नेमका तोच. आणि बल्लव झालेला भीम स्वयंपाकघरात गप्प बसणार कसा? कीचक मेला, तोही हाताने चेचून, आणि हस्तिनापुरात दुर्योधनाने बरोबर ताडलं. म्हणून व्यवसाय निवडताना आपली खोड जपा. तुम्ही शाळेत वक्तृत्वात पहिले असाल, तर नव्या गावच्या गणेशोत्सवात माइक सोडू नका.

भारतातही 2018 पासून साक्षीदार संरक्षण योजना आहे, सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेली. अर्ज जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या समितीकडे जातो, धोका किती आहे याचा अहवाल पोलीस देतात, आणि संरक्षण एका वेळी जास्तीत जास्त तीन महिन्यांचं. ओळख बदलून देण्याची सोयसुद्धा त्यात आहे. पण योजना लिहिणाऱ्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा विचार केलेला दिसत नाही.

या काकू पहिल्याच संध्याकाळी विरजण मागायला येतील. ‘राजाध्यक्ष का? कुठले?’ तुम्ही पाठ केलेलं गाव सांगाल. ‘अगं बाई, मग आमच्या नंदूच्या सासूबाई तिथल्याच!’ दोन मिनिटांत फोन स्पीकरवर. पलीकडून सासूबाई तुमच्या आजोबांचं नाव विचारतील, वाडा देवळाच्या कोणत्या बाजूला ते विचारतील, आणि शेवटी ‘लग्नाचं बघताय का?’ असंही. इथे खरा गुंड असता तर निदान पळता तरी आलं असतं. वाटी मात्र परत करा, नाहीतर तीही तुमच्याविरुद्ध पुरावा ठरेल.